दीर्घिकांच्या टकरीतून घडणारी कडी

देवळाली कॅम्पहून पुण्यास जाताना सिन्नर, संगमनेर व आळेफाटा मागे पडले की नारायणगाव लागते. तेथून जवळच, खोडद परिसरात, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची 'जीएमआरटी' ही रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली.

चकतीसारख्या मोठ्या दीर्घिकेच्या मध्यातून एखादी लहान दीर्घिका आरपार गेली, की तिच्या गुरुत्वाकर्षणाने तारे व वायू केंद्राकडे ओढले जातात. ती पुढे निघून जाताच ते पुन्हा बाहेर झेपावतात. तळ्यात खडा पडल्यावर उठणाऱ्या तरंगाप्रमाणे दाटीची एक लाट बाहेर पसरत जाते. तिच्यात वायू दाबला जाऊन नवे तारे जन्मतात आणि तेजस्वी कडे दिसू लागते. ताऱ्यांमधील अंतरे इतकी अफाट असतात, की तारा ताऱ्यावर सहसा आदळत नाही. सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेली 'कार्टव्हील' दीर्घिका अशीच घडली.

२०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधकांनी याच दुर्बिणीतून 'एजीसी २०३००१' या दीर्घिकेभोवती हायड्रोजन वायूचे कडे शोधल्याचे जाहीर केले. त्याचा व्यास सुमारे ३,८०,००० प्रकाशवर्षे, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या जवळजवळ चौपट आहे. मात्र हवाई बेटांवरील दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्रांतही त्या कड्यात तारे आढळले नाहीत. टकरीतून घडलेल्या कड्यांत तारे असतात. मग हे कडे तारकाहीन कसे? आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या जिज्ञासू विद्यार्थ्यांनी विचार करावा, असा हा प्रश्न आहे.