कष्ट उणावले, ताट तेच राहिले
हातकणंगले तालुक्याच्या निमित्ताने वजन आणि आरोग्य यांचा विचार

वारणा आणि पंचगंगा या नद्यांच्या पाण्यावर समृद्ध झालेला हातकणंगले तालुका हा कोल्हापूर जिल्ह्यातील कष्टाळू माणसांचा मुलूख म्हणून ओळखला जातो. ऊस व भाजीपाला पिकविणारा शेतकरी, इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार, हुपरीचा चांदी कारागीर आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार यांच्या श्रमांवर या तालुक्याची भरभराट उभी आहे. कुंभोज हे कर्मवीर भाऊराव पाटील यांचे जन्मगावही याच तालुक्यातील. अशा कष्टकरी प्रदेशात वाढत्या वजनाचा प्रश्न निर्माण व्हावा, हे प्रथमदर्शनी आश्चर्याचे वाटेल. परंतु त्याची कारणे या भागाच्या बदलत्या जीवनक्रमातच आहेत.

इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला आणि हातमागाच्या गावाचे रूपांतर वस्त्रनगरीत होऊ लागले. पुढे शेतात बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले, मोटेच्या जागी विजेचे पंप आले, सायकलीच्या जागी मोटारसायकल आली. घरातील जाते व पाटा-वरवंटा यांची जागा गिरणीने आणि मिक्सरने घेतली. शरीर झिजविणारे अनेक कष्ट त्यामुळे टळले, आणि ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र अंगमेहनत उणावली तरी मेहनतीच्या काळातील ताट तसेच राहिले, किंबहुना त्यात तेल, साखर, फरसाण आणि बेकरीच्या पदार्थांची भर पडली. वजनवाढीचे मूळ या विसंगतीत आहे, आणि त्यावरील टिकाऊ उपायही तिथेच शोधावा लागतो.

प्रश्न किती मोठा आहे?

२०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया व सुमारे २३ टक्के पुरुष यांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक आढळले. महाराष्ट्रातील प्रमाणही साधारण एवढेच आहे. त्याच वेळी राज्यातील पाचांपैकी सुमारे एक स्त्री प्रमाणापेक्षा कृश आहे, ही बाजूही ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. एकाच गावात, कधीकधी एकाच घरात, कुणाला वजन कमी करण्याची तर कुणाला वाढविण्याची गरज असते. म्हणून वजन उतरविण्याचा उपदेश सरसकट सर्वांना लागू होत नाही.

वजन योग्य आहे की नाही हे ठरविण्याची सोपी रीत अशी : किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. भारतीयांसाठी हा अंक २३ च्या पुढे गेल्यास वजन अधिक, आणि २५ च्या पुढे गेल्यास स्थूलता समजावी, असे तज्ज्ञांनी सुचविले आहे. १६० सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीच्या बाबतीत ही सीमा अनुक्रमे सुमारे ५९ व ६४ किलो येते. पोटाचा घेर पुरुषांमध्ये ९० व स्त्रियांमध्ये ८० सेंटीमीटरपेक्षा अधिक असणे हीदेखील धोक्याची खूण आहे.

भारतीयांसाठी सीमा खाली का, याचे उत्तर शोधण्यात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीर बारीक दिसले तरी त्यात चरबीचा अंश अधिक असतो, हे दाखवून दिले. २००४ मध्ये त्यांनी आपली व ब्रिटनमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही वरील अंक २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. हातपाय बारीक आणि पोट सुटलेले, अशा माणसाने 'आपण काही लठ्ठ नाही' म्हणून निश्चिंत राहू नये, हा त्याचा व्यावहारिक अर्थ होय.

घाईने उतरलेले वजन

राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर परिसरात कुस्ती रुजली. त्यांच्या प्रेरणेने उभारलेले खासबाग मैदान १९१२ पासून या परंपरेची साक्ष देत आहे. वजन म्हणजे काय, हे तालमीच्या या मुलखाला समजावून सांगण्याची गरज नाही. दूध, तूप, बदाम आणि मांसाहार यांचा खुराक जोर-बैठकांच्या आणि लढतींच्या श्रमांत जिरतो. तालीम सुटते, खुराक मात्र सुटत नाही, तेव्हा पिळदार शरीर काही वर्षांत सुटते, हा गावोगावचा अनुभव आहे.

वजनी गटात बसण्यासाठी मल्ल काही तासांत घाम काढून व पाणी तोडून वजन उतरवितात, हेही या भागात सर्वांना ठाऊक आहे. ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट हिचे वजन रात्रभराच्या अशा प्रयत्नांनंतरही ५० किलोच्या मर्यादेपेक्षा १०० ग्रॅम अधिक भरले आणि अंतिम लढतीपूर्वीच ती अपात्र ठरली. अशा उपायांनी शरीरातील पाणी जाते, चरबी जवळजवळ तेवढीच राहते आणि पाणी पिताच वजन परत येते. 'सात दिवसांत सात किलो' अशा जाहिरातींमागेही पुष्कळदा हेच तत्त्व असते.

फार कडक उपासमारीने चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि शरीर कमी ऊर्जेत भागविण्याची सवय लावून घेते. अमेरिकेतील दूरदर्शनवरच्या वजन घटविण्याच्या स्पर्धेतील १४ स्पर्धकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी स्पर्धेत सरासरी ५८ किलो वजन घटविले होते, पण सहा वर्षांनी त्यांपैकी सरासरी ४१ किलो परत आले होते. शरीराचा विश्रांतीतील ऊर्जाखर्चही अपेक्षेपेक्षा बराच कमी राहिला होता.

एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. रोजच्या खाण्यात आणि श्रमांत मिळून ५०० कॅलरींचा फरक पाडला तर आठवड्याला साधारण अर्धा किलो वजन उतरू शकते. पुढे हा वेग मंदावतो, त्यामुळे निराश होऊ नये. सहा महिन्यांत मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के घट झाली तरी रक्तदाब व रक्तातील साखर यांवर चांगला परिणाम होतो.

ताटाचा हिशेब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २,००० कॅलरींच्या दिवसभराच्या आहारात धान्ये २५० ग्रॅम, डाळी, अंडी वा मांस ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर, दाणे व तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असे प्रमाण त्यात दिले आहे. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असावी, असेही संस्था सांगते.

चार प्रौढ माणसांच्या घरात याचा महिन्याचा हिशेब मांडला तर तेल-तूप मिळून सुमारे सव्वातीन किलो आणि साखर, गूळ, मिठाई मिळून तीन किलो एवढीच मर्यादा येते. ज्या तालुक्यात साखर कारखान्याच्या सभासदांना सवलतीच्या दराने साखर मिळते आणि घरोघरी दिवसातून अनेकदा चहा होतो, तेथे ही मर्यादा सहज ओलांडली जाते. दोन चमचे साखरेचे पाच कप चहा घेतले तर केवळ साखरेच्या सुमारे २०० कॅलरी पोटात जातात. तासभर चालून जेवढी ऊर्जा खर्च होते, जवळपास तेवढीच ही ऊर्जा आहे. गूळ नैसर्गिक म्हणून निर्धोक, ही समजूतही तपासून घ्यावी. कोल्हापुरी गुळाची चव आणि कीर्ती वादातीत आहे, परंतु उष्मांकांच्या दृष्टीने तो साखरेच्या जवळपासच आहे.

यासाठी परका आहार स्वीकारण्याचे कारण नाही. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, काकडी-कांद्याची कोशिंबीर आणि ताक हे पोट भरणारे व चोथा पुरविणारे जेवण आहे. मात्र भाकरीतही ऊर्जा असते. तीनऐवजी दोन भाकरी घेऊन उसळीची वाटी वाढवावी. मिसळ महिन्यातून एकदा-दोनदा जरूर खावी, पण तिच्यावरचा तर्रीचा थर व फरसाण हात राखून घ्यावे. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या जेवणालाही हाच नियम लावावा.

उपवासाबद्दल 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण बोलकी आहे. साबुदाणा, शेंगदाणे आणि तूप यांनी उपवासाच्या दिवशी नेहमीपेक्षा अधिक ऊर्जा पोटात जाऊ शकते. याउलट, या भागातील अनेक जैन शेतकरी कुटुंबांत सूर्यास्तापूर्वी जेवण्याची रीत आहे. रात्रीचे उशिराचे खाणे तिच्यामुळे आपोआप टळते. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली व डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी राज्यभर पोहोचविलेली दोन वेळा जेवण्याची पद्धतही अनेकांनी अंगीकारली आहे. कोणतीही पद्धत निवडताना ती वर्षानुवर्षे पाळता येईल काय, हा प्रश्न आधी विचारावा.

चालणे आणि बळ

प्रौढांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दररोज अर्धा तास भरभर चालणे आठवड्यातून पाच दिवस केल्यास ही अट पूर्ण होते. त्याच्या जोडीला आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम हवा. जोर-बैठका तालमीने शिकविल्या आहेत, आणि सूर्यनमस्कार औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शाळाशाळांतून नेले. चेन्नईच्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अभ्यासात आहार-विहारातील सुधारणेने मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि तोही वजनात विशेष घट झालेली नसताना. काट्यावरचा आकडा हलला नाही तरी चालणे वाया जात नाही, हा दिलासा त्यातून मिळतो.

सावधगिरी

गरोदर व स्तनदा माता, वाढीच्या वयातील मुले, क्षयरोगी आणि वृद्ध यांनी स्वतःच्या मनाने खाणे कमी करू नये. मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, अन्यथा रक्तातील साखर धोकादायकरीत्या घसरू शकते. प्रयत्न न करता वजन उतरू लागल्यास तपासणी करून घ्यावी. नव्याने उपलब्ध झालेली वजन घटविणारी इंजेक्शने वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाची असतात, आणि ती थांबविल्यावर गेलेले वजन बरेचसे परत येते असे आढळले आहे. अनामिक चूर्णे व 'चरबी जाळणारे' काढे यांपासून दूर राहणे हेच शहाणपणाचे.

गावाचा वाटा

वजन हा व्यक्तीचा प्रश्न दिसला तरी त्याचे उत्तर पुष्कळदा गावाच्या रचनेत असते. ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरांनी भरलेल्या रस्त्यावर कोणती स्त्री सायंकाळी चालायला जाईल? ग्रामपंचायतीने दिवाबत्तीची सुरक्षित वाट, शाळेने सुटीनंतरही खुले मैदान आणि तालमीने मुलींसाठीही वेळ उपलब्ध करून दिल्यास व्यायामाचा उपदेश आचरणात येऊ शकेल. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना पदार्थांतील साखरेचे प्रमाण दाखविणारे फलक लावण्यास सांगितले. असा फलक जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकही मुलांकडून सहज तयार करून घेऊ शकतील. ग्रामसभेच्या चहापानात बिनसाखरेच्या चहाची किटली वेगळी ठेवणे, हा तर एका दिवसात होणारा बदल आहे.

तिशीपुढील स्त्री-पुरुषांचा रक्तदाब व रक्तातील साखर तपासण्याची सोय उपकेंद्रांवर आहे, आणि आशा कार्यकर्ती घरोघरी भरून घेत असलेल्या माहितीपत्रकात कमरेच्या घेराचीही नोंद असते. ती नोंद कागदावरच न राहता घरातील स्वयंपाक करणाऱ्या आणि खाणाऱ्या अशा सर्वांपर्यंत पोहोचली पाहिजे. घरातील एकट्या सुनेने वेगळे शिजवून खाण्यापेक्षा सर्वांच्या ताटातील तेल-साखर थोडी उतरली तर तो बदल टिकतो. वर्षानुवर्षे थोडेथोडे चढलेले वजन तसेच थोडेथोडे उतरते. त्यासाठी लागणारी चिकाटी ऊस, माग आणि लाल मातीच्या आखाड्यावर वाढलेल्या या तालुक्याच्या अंगी पूर्वीपासूनच आहे.