टेबलावरचं गिऱ्हाईक आणि त्याचे दात

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

केशकर्तनालयात गेलेला माणूस खुर्चीत बसून निवांत पेपर वाचतो. कुत्र्यांच्या ग्रूमिंग पार्लरमधलं गिऱ्हाईक मात्र टेबलावर उभं असतं, घाबरलेलं असतं आणि त्याला दात असतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत अशी पार्लर आता गल्लोगल्ली दिसतात. कुत्र्यांची आवड असलेली मुलं-मुली या कामाकडे वळतात. आवड हवीच, पण ती चाव्यापासून वाचवत नाही.

म्हणून आधी चाव्याचंच बोलू. कुत्रा एकदम चावतो, असं आपण म्हणतो. तसं सहसा नसतं. अंग ताठ होणं, कान मागे जाणं, सारखे ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं या त्याच्या सूचनाच असतात. गुरगुरणं ही त्यापुढची सूचना. गुरगुरला म्हणून त्याला मारू नका, हात थांबवा. मुसकी बांधायची तर जाळीची बांधा. कापडी मुसकीत तोंड बंद राहतं, धापा टाकता येत नाहीत आणि ड्रायरच्या गरम हवेत कुत्र्याचा जीव जाऊ शकतो.

तरीही दात लागलाच तर? जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. ओरखड्यातून रक्त आलं तरी हेच करायचं. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, हे विसरू नका.

मात्र या कामातल्या माणसानं चाव्याची वाट पाहायची गरज नाही. पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी अशी तीन इंजेक्शनं आधीच घेता येतात. पुढे कुत्रा चावलाच, तर फक्त दोन डोस लागतात, तिसऱ्या दिवसाच्या अंतरानं. आणि जखमेत द्यायचं सीरमही लागत नाही. हा खर्च पार्लरच्या मालकानं करावा. कात्री, मशीन मालक घेतो, मग ती धरणाऱ्या हाताचं काय?

दुसरं दुखणं पाठीचं. लॅब्रॅडॉर सहज तीस किलोचा असतो. असे दिवसाला पाच-सहा उचलले की चाळिशीच्या आत कंबर बोलू लागते. मोठा कुत्रा दोघांनी उचलावा किंवा त्याला पायऱ्यांवरून चढू द्यावं. टेबल आपल्या उंचीनुसार वरखाली होणारं असावं.

तिसरा धोका पाणी आणि वीज एकत्र येण्याचा. ओल्या लादीवरून ड्रायरची वायर जात असेल तर तिथं अपघात टपून बसलाय असं समजा. तीस मिलिअँपिअरला वीज तोडणारा आरसीसीबी बसवून घ्या. ब्लोअरच्या आवाजाचंही तसंच. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तो आवाज कानाला घातक आहे. रोज तासन्‌तास तो ऐकून गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. कानात बोळे घालायला लाज कसली?

आता त्वचेकडे वळू. गजकर्ण आणि खरूज कुत्र्याकडून माणसाला होऊ शकतात, तर लघवीतून लेप्टो. कापलेले बारीक केस बोटांच्या बेचक्यात रुतून तिथं गळू होतं. न्हाव्यांना आणि ग्रूमरना होणारा हा आजार वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. रोज संध्याकाळी बेचकी नीट धुऊन, निरखून पाहा. गोचिडांसाठीचं अमिट्राझसारखं औषध पाण्यात मिसळताना हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. ते त्वचेतूनही शरीरात जातं.

श्रोत्यांपैकी अनेकांच्या घरी कुत्रा असेल. त्यांनी एवढं करावं: पार्लरमध्ये जाताना लसीकरणाचं पुस्तक सोबत न्यावं, आणि आपला लाडका पूर्वी कुणाला चावला असेल तर ते लपवू नये. “आमचा काही करत नाही हो” हे वाक्य मालक मायेनं बोलतो. पण ऐकणारा नखं कापायला पंजा हातात घेतो, तेव्हा त्याला खरी माहिती हवी असते.