दोन रंगांचा क्रम आणि तेंदूपत्त्याचे दिवस

मूल तीन वर्षांचं झालं तरी बोलत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही, की पहिलं बोट आईकडे वळतं. गोंडपिपरीसारख्या गावात हे बोट शेजारपाजारचं असतं. एके काळी ते विद्वानांचंही होतं. ब्रूनो बेटेलहाइम यांचं ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ १९६७मध्ये आलं आणि आईच्या मायेच्या अभावाने मूल स्वमग्न होतं, या समजावर पांडित्याचा शिक्का बसला. कारण मेंदूत शोधा, असं बर्नार्ड रिमलंड १९६४मध्येच लिहून गेले होते. ते स्वतः अशा मुलाचे वडील होते.

त्याच सुमारास लंडनमध्ये उटा फ्रिथ नावाची एक जर्मन तरुणी बिआटे हर्मेलिन आणि नील ओ’कॉनर यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. आई कशी आहे, हे तिने विचारलंच नाही. मूल शिकतं कसं, एवढंच तिला पाहायचं होतं. सुटे शब्द आणि अर्थपूर्ण वाक्य यांपैकी वाक्य आपल्याला सहज लक्षात राहतं; स्वमग्न मुलांना अर्थाचा हा आधार तितकासा मिळत नाही, हे तिच्या मार्गदर्शकांनी दाखवलं होतं. तिने दोन रंगांचे क्रम घेतले. समोरच्या क्रमात दडलेला नियम उचलण्याऐवजी ही मुलं आपलाच एखादा साधा नियम लावून बसत. १९६८मध्ये पदवी मिळाली. मला या प्रबंधाचं मोल वाटतं ते एवढ्यासाठी, की मुलाची चूकही त्यात नियमाने झालेली दिसते.

आपल्याकडे कायदा सावकाश आला. १९९५च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हतीच. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली आणि २०१६च्या कायद्यातल्या एकवीस दिव्यांगत्वांत तिला जागा मिळाली. दरम्यान २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत मुलं तपासू लागली. पण गोंडपिपरीच्या परिसरात घरात झाडीबोली, तेलुगू किंवा गोंडी, आणि शाळेत पुस्तकी मराठी. न बोलणारं मूल ‘भाषा कळत नाही’ म्हणून मागच्या बाकावर सहज खपून जातं.

अशा मुलांसाठी काय करता येईल, याचं एक उत्तर गोव्यात शोधलं गेलं. तिथल्या ‘संगाथ’ संस्थेत आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून ६५ स्वमग्न मुलांवर एक चाचणी झाली. २०१६मध्ये ती ‘लॅन्सेट सायकियाट्री’त छापून आली. तज्ज्ञ नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या घरी जायच्या, आई-मुलाच्या खेळाचं चित्रीकरण करायच्या आणि तेच आईसोबत बसून पाहायच्या: इथे त्याने तुमच्याकडे पाहिलं, तेव्हा तुम्ही काय केलंत? आईचा प्रतिसाद मुलाच्या कलाने जाऊ लागला, मूलही आपणहून जास्त पुढाकार घेऊ लागलं. दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ मात्र उलट घटला, आणि तेही संशोधकांनी लपवलं नाही. पन्नास वर्षांत आई आरोपीच्या पिंजऱ्यातून मुलाच्या शिक्षिकेच्या जागी आली होती.

गोंडवाना विद्यापीठ २०११पासून गडचिरोलीत आहे. तिथल्या एखाद्या विद्यार्थिनीने हा विषय घेतलाच, तर तिला आधी घरभेटींचं वेळापत्रक बदलावं लागेल. आषाढात आई रोवणीला असते, मोहफुलांच्या दिवसांत पहाटेच रानात. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडून ती दुपारी घरी येते आणि अंगणात पुडके बांधायला बसते. मूल शेजारीच असतं. ते पानं आपल्याच क्रमाने मांडत असेल, तर कॅमेरा तिथेच सुरू करायचा.