घरच्या तळ्याला साजेल अशी गळाची काठी



कृषी खात्यातला माणूस गळाच्या काठीवर लिहायला बसला, हे पाहून तुम्हाला हसू येईल. "साहेबांजवळ बी-बियाण्याचं सांगण्यासारखं काही उरलं नाही वाटतं," असंही कोणी म्हणेल. पण आज गावोगाव शेततळी झाली आहेत आणि पुष्कळांनी त्यांत मासे सोडले आहेत. सोडलेले मासे काढायचे कसे, हा प्रश्न मात्र बहुतेकांनी पुढे ढकललेला असतो. जाळे टाकणारे लोक लांबून यायचे, ते एका रविवारच्या कालवणासाठी थोडेच येणार? अशा घराला गळाची एक बरी काठी हवी. ती कशी निवडावी, हे आज सांगतो. आधी मला हे लिहावेसे का वाटले, ते ऐका.

जालना जिल्ह्यातल्या एका गावी डिसेंबरात मी शेततळे पाहायला गेलो होतो. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, आत प्लास्टिकचे अस्तर. ऑगस्टात तीन हजार बोटुकली सोडलेली. मी विचारले, "मासे केवढे झाले?" मालक म्हणाले, "असतील की साहेब. पाण्यातलं कुणी बघितलंय?"

अकरावीत शिकणाऱ्या त्यांच्या मुलाने मात्र बघायचे ठरवले होते. शहरात जाऊन त्याने दुधाच्या पैशातले साडेतीन हजार रुपये मोजून काठी आणि रीळ आणले. काठी बारा फुटी, समुद्रकिनाऱ्यावरून लांब फेकण्याची, पहारेसारखी ताठ. पहिला मासा लागला, पोराने हिसका दिला, माशाचे तोंड फाटून गळ सुटला. दुसऱ्याने तंगूस तोडले. तिसऱ्या वेळी जड शिसे तळाशी गेले आणि गळ प्लास्टिकमध्ये अडकला. त्याने जोर लावून ओढले आणि अस्तर टरकले. भोक वरच्या अंगाला होते म्हणून पाणी तिथवर उतरून थांबले, एवढेच नशीब.

वडील मला म्हणाले, "दुधाच्या पैशालाबी भोक पडलं, अन् तळ्यालाबी."

पोरगा खाली मान घालून उभा होता. खरे सांगायचे तर चूक त्याची नव्हती. महाग, लांब आणि मजबूत ती वस्तू चांगली, असे आपण सारेच समजतो. काठीच्या बाबतीत हे उलटे आहे.

काठीचे काम वाकणे

बैलाला हिसका बसला की जू तुटू नये म्हणून आपण दोराला थोडी ढील ठेवतो. काठीचे तसेच आहे. मासा धाव घेतो तेव्हा काठीने वाकून तो झटका अंगावर घ्यायचा असतो. काठी वाकली नाही, तर सारा झटका तंगुसावर आणि माशाच्या ओठावर जातो. मग दोहोंपैकी एक तुटते. म्हणून तळ्यात, ओढ्यात आणि संथ नदीत चालणारी काठी मध्यम लवचीक असावी. ओढ धरल्यावर शेंड्यापासून निम्म्यापर्यंत तिची कमान व्हावी, मुठीकडचा भाग ताठ राहावा. नुसता शेंडाच वाकत असेल, तर ती काठी ताठ समजावी. मुठीपर्यंत लोंबत असेल, तर ती मऊ समजावी.

आपल्या तळ्यात रोहू, मृगळ, सायप्रिनस असतात. कधी ओढ्याची मरळही येऊन बसते. कटला पाण्याच्या वरच्या थरातले बारीक जीव गाळून खातो, म्हणून तो गळाला कमीच लागतो. रोहू मधल्या थरात असतो, मृगळ आणि सायप्रिनस तळाशी चरतात. घरच्या तळ्यातला मासा अर्ध्या किलोपासून दोन किलोपर्यंतचा धरा. एवढ्याला मध्यम काठी पुरून उरते.

पहिली काठी बांधावरची

ज्याला काहीच खर्च करायचा नाही, त्याने बांबूची काठी करावी. कोकणात माणगा, विदर्भात मानवेल हे भरीव बांबू त्यासाठी चांगले. एक वर्षाचा कोवळा बांबू घेऊ नका, तो वाळल्यावर सुरकुततो. दोन-तीन वर्षांचा, शेंड्याकडे निमुळता होत गेलेला, दहा-अकरा फूट मिळेल असा निवडा. पावसाळा सरल्यावर तोडा आणि पेरांवरचे डोळे तासून घ्या. मग घराच्या आढ्याला उभा टांगून खालच्या टोकाला दगड बांधा, म्हणजे तो सरळ वाळतो. उन्हात टाकलात तर चिरा पडतील.

एक खुबी लक्षात ठेवा. तंगूस नुसते शेंड्याला बांधू नका. मुठीपासून काठीच्या अंगाने वर न्या, दोन-तीन जागी सुतळीने आवळा आणि मग शेंड्याला गाठ द्या. शेंडा मोडला तरी मासा तुमच्याच हातात राहतो. मोकळे सोडलेले तंगूस काठीच्या लांबीएवढे ठेवा, त्याहून जास्त नको.

पाणी काठाशी असेल तोवर ही काठी उत्तम. पण शेततळ्याचे पाणी उन्हाळ्याकडे खाली जाते. काठ उतरता असल्याने पाणी दहा-पंधरा फूट मागे सरते आणि बांबू तिथवर पोचत नाही. माणूस मग प्लास्टिकवरून खाली उतरू पाहतो, आणि तिथेच घात होतो. अशा तळ्यासाठी रिळाची काठी घ्यावी.

विकत घ्यायची तर कोणती?

सात ते आठ फुटांची, दोन तुकड्यांत जोडता येणारी, फायबरची काठी घ्या. कार्बनची काठी हलकी असते, पण महाग असते आणि दगडावर आपटली की तिला तडा जाण्याची भीती. फायबर थोडी जड, पण घरातल्या चार हातांनी वापरली तरी टिकते. एकात एक सरकणारी काठी पिशवीत मावते खरी, पण तिच्या सांध्यांत वाळू-माती शिरते आणि वरचे बारीक तुकडे लवकर मोडतात.

काठीवर बारीक अक्षरांत आकडे असतात, ते वाचा. तंगूस किती पौंडांचे लावायचे, तो एक आकडा. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. आपल्याला आठ ते बारा पौंडांची काठी हवी. दुसरा आकडा किती वजन फेकता येईल याचा असतो, तो ग्रॅमांत असतो. दहा ते तीस ग्रॅमच्या आसपासची काठी आपल्या कामाची. शंभर, दीडशे ग्रॅम लिहिले असेल, तर ती काठी परत ठेवा.

पैसे देण्याआधी दुकानातच एवढे तपासा:

एक, काठी जोडून एका डोळ्याने शेंड्याकडे पाहा. ती सरळ हवी, कड्या एका रेषेत हव्यात.

दोन, कड्या मोजा. फुटामागे एक कडी हा ढोबळ हिशोब. सात फुटांच्या काठीला चारच कड्या असतील, तर ओढ सगळीकडे सारखी पडणार नाही.

तीन, कापसाची वात प्रत्येक कडीतून फिरवा. तंतू अडकला तर आत खरखर आहे. ती तुमचे तंगूस कापत राहील.

चार, सांधा घट्ट बसतो का पाहा. हलवल्यावर टकटक वाजू नये.

पाच, दुकानदाराला शेंड्याकडचा दोरा हळू ओढायला सांगा आणि कमान कुठवर येते ते पाहा.

सहा, घरात जो सर्वांत लहान हाताचा माणूस ती वापरणार, त्याच्या हाती दहा मिनिटे देऊन पाहा. मनगट दुखले, तर दुसरी काठी घ्या.

रीळ साधे, मध्यम आकाराचे पुरे. त्याची पकड सैल-घट्ट करता आली पाहिजे. हाताने तंगूस जोराने ओढले, तर ते तुटण्याआधी रीळ फिरून तंगूस सुटले पाहिजे. काठी आणि रीळ मिळून हजार-बाराशेच्या आत भागवा. वाचलेल्या पैशातून चांगले तंगूस, धारदार गळ आणि लांब दांड्याची हातजाळी घ्या. गळाचा आकडा जितका मोठा, तितका गळ लहान. सहा ते दहा आकड्याचे गळ आपल्याला चालतात. तंगुसाची गाठ आवळण्याआधी ओली करा, कोरडी आवळली तर तिथेच तुटते.

अस्तराच्या तळ्यात विशेष काळजी

अशा तळ्यात गळ तळाला टेकू देऊ नका. भेंडाचा किंवा पिसाचा तरंगता लावा आणि गळ तळापासून हातभर वर राहील असा बेताने ठेवा. अणकुचीदार शिसे नको. मासा थकला की हातजाळीने उचला, प्लास्टिकवरून फरफटत ओढू नका. जाळीच्या कड्याला चिंधी गुंडाळा.

आमिषाला कणकेत पेंड मिसळून घट्ट गोळा करा. त्यात चिमूटभर कापूस मळला की गोळा गळावर टिकतो. सायप्रिनसला उकिरड्यातली गांडुळे फार आवडतात.

आता जे सांगतो ते माउल्यांनी नीट ऐकावे. ओले प्लास्टिक साबणासारखे निसरडे असते. त्यावरून घसरलेला पोहणारा माणूससुद्धा वर चढू शकत नाही. तळ्याला कुंपण हवेच. चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडलेले असावेत आणि काठावर हवा भरलेली ट्यूब असावी. लहान मुलांना एकटे पाठवू नका. मासा सुटला तर सुटू द्या, त्यासाठी कोणी आत उतरायचे नाही. मोटरपंपाच्या विजेच्या तारा डोक्यावर असतील, तिथे काठी उभारूच नका. कार्बनमधून वीज वाहते आणि ओला बांबूही जीव घेतो. ढग गडगडू लागले की काठी खाली ठेवून घरी या.

आणखी दोन शब्द. गावतलाव आणि धरणांतले मासे बहुधा मच्छीमार सोसायटीकडे ठेक्याने दिलेले असतात. तिथे विचारल्याशिवाय गळ टाकू नये, तो त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. पहिल्या पावसात अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध चढतात, त्यांना जाऊ द्या. मरळ पिलांच्या थव्याची राखण करत असेल, तर तिलाही सोडा. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणे हा १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे.

काठीने तळ्याचा हिशोब कळतो

त्या मुलाला मी सात फुटांची साधी काठी घ्यायला लावली. ताठ काठी अर्ध्या किमतीत विकली गेली, त्यातच ती आली. मार्चमध्ये पुन्हा गेलो, तेव्हा त्याने वहीत लिहून ठेवले होते. दोन दिवसांत दहा मासे धरले, ओल्या हाताने तराजूत तोलले आणि सोडून दिले. एकही पाव किलोच्या वर नव्हता.

सात महिन्यांत एवढीच वाढ! कारण उघड होते. हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली हे प्रमाण. त्यांचे तळे नऊ गुंठ्यांचे, म्हणजे साडेचारशे ते नऊशे पुरेत. सोडली होती तीन हजार. त्यात अस्तराच्या तळ्यात मातीतले नैसर्गिक खाद्य कमी आणि वरून काही घातलेले नव्हते. आम्ही जाळे लावून निम्म्याहून जास्त मासे काढले. काही शेजारच्या दोन तळ्यांत गेले, बाकीचे बाजारात. उरलेल्यांना शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा समभाग, माशांच्या एकूण वजनाच्या शेकडा दोन ते तीन, असे रोज घालायला सांगितले. तो मुलगा दर महिन्याला दहा मासे तोलून वहीत मांडू लागला आणि वजनाचा आकडा चढू लागला.

गेल्या खेपेला मी निघालो, तेव्हा मालकांनी ती वही माझ्यापुढे धरली. म्हणाले, "साहेब, आता पाण्यातलं दिसतंय."

तेव्हा बंधू-भगिनींनो, काठी घ्या ती बेताची, वाकणारी आणि घरातल्या सर्वांच्या हाताला पेलणारी घ्या. रविवारचे कालवण ती देईलच, तळ्यातली वाढही दाखवील. आणि घरातल्या पोराने उत्साहाने काही चुकीचे आणले, तर रागावण्याआधी त्याच्याबरोबर तळ्यावर एक संध्याकाळ बसा.