वर्गातील मासे व पाणी बदलण्याची रीत

वर्गात काचेच्या पात्रात मासे पाळण्याची हौस अनेक शिक्षकांस असते. परंतु पुष्कळ ठिकाणी हे मासे महिनाभरही जगत नाहीत, आणि त्याचे कारण हयगय नसून बहुधा अतिस्वच्छता हे असते. शनिवारी सकाळची शाळा सुटण्यापूर्वी मुले सगळे पाणी ओतून देतात, वाळू व पात्र घासून लखलखीत करतात, विहिरीचे ताजे पाणी भरतात. आणि सोमवारी मासे मेलेले आढळतात. मुलांनी काम मनापासून केलेले असते, म्हणून त्यांस बसणारा धक्काही मोठा असतो.

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया हा विषारी पदार्थ सतत पाण्यात सोडीत असतो. उरलेले अन्न व विष्ठा कुजूनही तोच उत्पन्न होतो. वाळूवर व काचेवर जो बुळबुळीत थर धरतो, त्यातील सूक्ष्मजंतू या अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट मात्र माफक प्रमाणात माशांस सोसते. नव्या पात्रात हे जंतू पुरेसे वाढण्यास ४ ते ६ आठवडे लागतात. वाळू घासून धुतली की पात्र पुन्हा नवे झाले! आरंभी दोन-तीनच मासे ठेवावेत ते याकरिताच.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. फार दिवस न बदललेले पाणी हळूहळू आम्लधर्मी होते, व अशा पाण्यात अमोनिया बव्हंशी निरुपद्रवी रूपात साठून राहतो. त्यात विहिरीचे अल्कधर्मी पाणी एकदम ओतले, की तोच साठा पुन्हा विषारी रूप घेतो. सबब पाणी दीर्घकाळ बदललेले नसल्यास रोज एक-दोन तांबेच बदलावे. एरव्ही आठवड्यास चौथा हिस्सा पुरे. आटलेल्या पाण्यात भर घालणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे. पाण्याची वाफ होते, क्षार मागेच राहतात. तळचा गाळ रबरी नळीने ओढून घ्यावा आणि वाळू धुवावयाचीच असेल, तर त्या काढलेल्या पाण्यातच खळबळावी.

गावच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकलेली असते. तिच्यातील क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो व उपयुक्त जंतूही मारतो. ते पाणी पसरट भांड्यात चोवीस तास उघडे ठेवावे. विंधणविहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसला तरी प्राणवायू फार थोडा असतो. ते तांब्याने उंचावरून अनेकदा ओतून घ्यावे. वर्गातच ठेवल्याने दोन्ही पाण्यांचे तापमानही सारखे होते.

पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांस साडेसातच मावतो. उन्हाळ्यात मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करतात. मुलांस वाटते त्यांना भूक लागली, आणि ती आणखी दाणे टाकतात. वस्तुतः मासे गुदमरत असतात. अशा वेळी अन्न बंद ठेवून थोडे पाणी बदलावे. पात्र रुंद तोंडाचे व सावलीत असावे.

आरंभास गप्पी मासे बरे. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खात्याकडून ते पाळले जातात. मात्र सुट्टी लागताना ते ओढ्यात वा नदीत सोडू नयेत, तेथील मूळच्या माशांस ते बाधक होतात. एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी पात्र सोपवावे, आणि त्याच्या आईस तांब्याचा हिशेब समजावून द्यावा.