गिअरचा खटका आणि दुरुस्तीची विद्या

बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला आणि पनवेल हे मुंबई व देश यांच्यामधले नाक्याचे गाव बनले. मुंबईहून होडीने यायचे, पनवेलच्या बंदरात उतरायचे आणि पुढचा प्रवास चाकांवर करायचा, असा त्या काळचा परिपाठ होता. साहजिकच गाडीची चाके बनविणे हा पनवेलचा प्रमुख धंदा झाला. देशावरून उतरलेला गाडीवान परतताना पनवेली चाकांची एक जोडी घेऊन जात असे, अशी नोंद ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरात आढळते. चाकाची धाव झिजली तर धाव बदलावी, आरा मोडला तर आरा बसवावा. एका भागापायी सबंध चाक टाकून द्यावे, हा विचार त्या कारागिरीत बसणारा नव्हता.

आज त्याच जुन्या रस्त्याने गिअरच्या सायकली धावतात. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गावर दुचाकींना मज्जाव असल्याने पनवेल-खोपोली हा जुना महामार्गच सायकलस्वारांचा मार्ग राहिला आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीने या वाटेला एक परंपराही दिली आहे; बोरघाटाची चढण प्रथम पार करणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणून मान मिळतो. पण ज्या सायकलीवर ही चढण चढायची, तिच्या गिअरचा खटका लागेनासा झाला की दुकानातून बहुधा एकच उत्तर मिळते : ‘हे गेले, नवीन बसवा.’ हे उत्तर पुष्कळदा चुकीचे असते आणि नोकरदाराच्या किंवा विद्यार्थ्याच्या खिशाला ते फार महाग पडते.

खटक्याच्या आत काय असते?

पूर्वी रेसिंग सायकलीचे गिअर बदलणाऱ्या दोन लहान लिव्हर सांगाड्याच्या तिरप्या नळीवर असत. त्यांत खटका नव्हता. स्क्रू आणि वायसर यांच्या घर्षणावर तार जागच्या जागी राही. लिव्हर सैल झाली तर स्क्रू आवळावा, इतकीच तिची दुरुस्ती. जपानच्या शिमानो कंपनीने १९८४ च्या सुमारास मोजून ठेवलेले खटके आणले. १९९० मध्ये तिने गिअर आणि ब्रेक एकाच लिव्हरमध्ये आणले आणि १९९२ मध्ये इटलीच्या कांपान्योलोने ‘एर्गोपॉवर’ ही आपली रचना बाजारात आणली. हात हँडलवरून न काढता गिअर बदलता येऊ लागला. मात्र सारे यंत्र एका मुठीत मावेल एवढ्या पेटीत कोंडले गेले.

या पेटीत एक दातेरी चकती, तिला अडवणारे एक-दोन खटके आणि त्यांना दाबून धरणाऱ्या बारीक स्प्रिंगा असतात. एका खटक्याला तार साधारण अडीच मिलिमीटर सरकते. इतक्या सूक्ष्म मापावर चालणाऱ्या यंत्रात थोडी धूळ किंवा थोडी सुस्ती आली तरी साखळी भलत्याच चक्रावर जाते. पनवेलचा चार महिन्यांचा पाऊस, खाडीकाठची दमट हवा आणि महामार्गावरची धूळ हे या यंत्राचे नित्याचे शत्रू होत.

झिजलेले आणि वाळलेले

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. झिजलेला शिफ्टर आणि वाळलेला शिफ्टर या दोन भिन्न गोष्टी आहेत. जुन्या शिमानो लिव्हरमधील ग्रीस वर्षानुवर्षांनी घट्ट होते, खटका त्यात चिकटतो आणि लिव्हर नुसतीच रिकामी हलते. यंत्र शाबूत असते. हलण्याची ताकद मात्र स्प्रिंगेत उरत नाही. रबरी आवरण काढून आत ग्रीस विरघळवणारे द्रावक सोडावे, लिव्हर पुन्हा पुन्हा चालवावी, मळ वाहू द्यावा आणि कोरडे झाल्यावर पातळ तेल द्यावे. एवढ्याने अशा अनेक लिव्हर पुन्हा बोलू लागतात. हे काम शक्तीचे नाही, चिकाटीचे आहे.

जुन्या एर्गोपॉवरचे दुखणे वेगळे. त्यातील इंग्रजी ‘जी’ अक्षराच्या आकाराच्या दोन चिमुकल्या स्प्रिंगा झिजतात किंवा तुटतात आणि खटका बोथट होतो. ही लिव्हर उघडता येते. प्रत्येक भाग काढल्या क्रमाने मांडून ठेवावा, स्प्रिंगा नव्या घालाव्यात आणि ग्रीस देऊन जोडणी करावी. लिव्हर पुन्हा पहिल्यासारखी चालते. अर्थात, लिव्हरला हात घालण्यापूर्वी तार आणि तिची नळी पाहिली पाहिजे. गिअर नीट न पडण्याचे कारण कित्येकदा तेथेच असते, आणि तारेचे तुटके धागे लिव्हरमध्ये अडकले तर चांगले यंत्रही जायबंदी होते.

दुरुस्तीलाही मर्यादा आहे. हीच लिव्हर ब्रेकही दाबते. तिच्या अंगाला तडा गेला असेल किंवा ब्रेकचा सांधा खिळखिळा झाला असेल, तर घाट उतरणाऱ्याच्या जिवाशी खेळ करू नये. तेथे नवीन लिव्हर हाच शहाणपणा.

प्रश्न सुट्या भागांचा

कुशल हात असले तरी सुटे भाग नसतील तर ते काय करणार? एर्गोपॉवरच्या स्प्रिंगा सुट्या मिळत. शिमानोच्या लिव्हरचे आतले यंत्र मात्र उघडून भाग बदलण्याच्या हेतूने बनविलेलेच नाही. म्हणजे वस्तू किती वर्षे जगणार, याचा निर्णय कारखान्यातील आराखड्यावरच होतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक उपकरणे, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारवाहने ही चार क्षेत्रे तिने प्रथम हाती घेतली. सामान्य माणसाची सायकल हे त्यांतले स्वतंत्र क्षेत्र नाही, ही उणीव दूर व्हावयास हवी.

परंतु सर्व भार सरकारवर टाकूनही चालणार नाही. पंक्चर काढणारा, चाकाचा आऊट काढणारा कारागीर पनवेलसारख्या गावात आजही आहे. गिअरची पेटी उघडण्याची संधी आणि शिक्षण मात्र त्याला कोणी दिलेले नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी या कामाचे अल्प मुदतीचे वर्ग काढावेत, विक्रेत्यांनी बारीक स्प्रिंगा आणि तारा दुकानात ठेवाव्यात आणि ग्राहकाने ‘नवीन बसवा’ हे उत्तर ऐकल्यावर ‘आधी धुऊन पाहिले का?’ एवढे विचारावे. या एका प्रश्नाने कारागिराला काम मिळेल आणि बऱ्याच सायकली भंगारात जाण्यापासून वाचतील.