रीबॉक : बूट आधी की बोकड?

‘रीबॉक’ म्हटलं की डोळ्यांपुढे स्पोर्ट्‌स शूज येतात ना? पण माहीत आहे का, या नावाचा चार पायांचा ओरिजिनल मालक आजही दक्षिण आफ्रिकेच्या डोंगरउतारांवर उड्या मारत फिरतोय!

राखाडी, दाट लोकरी अंग. फुगीर नाक. वजन जेमतेम वीस-तीस किलो. शिंगं फक्त नराला, तीही अगदी सरळसोट. हा आहे ग्रे रीबॉक.

नाव कुणी ठेवलं? डचांनी! 1652 मध्ये त्यांनी केपला तळ ठोकला. समोर अनोळखी प्राणी, पण मनात मायदेशाची हरणं. डच भाषेत ‘रे’ म्हणजे युरोपातलं चिमुकलं रो हरिण आणि ‘बॉक’ म्हणजे चक्क बोकड. झाला रेबॉक!

गंमत म्हणजे हा मुळात हरिणच नाही, अँटिलोप आहे. आपल्याकडे सांबर-चितळाची शिंगं गळून पुन्हा उगवतात, काळविटाची मात्र कायमची. रीबॉक काळविटाच्या पंगतीतला.

शास्त्रीय नाव तर आणखी भारी : पेलिया कॅप्रिओलस. कॅप्रिओलस म्हणजे लॅटिनमध्ये पुन्हा तेच रो हरिण! पण ‘पेलिया’ आलंय स्थानिक त्स्वाना भाषेतून. बरं झालं, आफ्रिकेच्या प्राण्याला निदान अर्धं नाव तरी आफ्रिकेचं मिळालं.

आता बुटांकडे पळू या. इंग्लंडच्या बोल्टन गावच्या ज्यो आणि जेफ फॉस्टर या भावांनी 1958 मध्ये कंपनी काढली. नाव? मर्क्युरी! पण ते आधीच दुसऱ्याच्या नावावर रजिस्टर्ड. मग ज्योने डिक्शनरी उघडली. ही डिक्शनरी त्याला लहानपणी कशात मिळाली होती, माहीत आहे का? रनिंग रेसच्या बक्षिसात! त्यात सापडला चपळ ‘रीबॉक’. ब्रिटिश डिक्शनरी असती तर स्पेलिंग वेगळं निघालं असतं. ही होती अमेरिकन.

आणि हो, आफ्रिकेतल्या अँटिलोपांचा डचांचा नामकरण सोहळा रीबॉकपाशीच थांबला नाही बरं का! थोरल्या ‘ईलंड’ला त्यांनी युरोपातल्या एल्कचं नाव दिलं. झुडपात सूर मारणारा तो ‘डायकर’, म्हणजे पाणबुड्या. आणि इवल्याशा डिक-डिकने तर स्वतःच बारसं उरकलं : धोका दिसला की तो ओरडतो तसंच त्याचं नाव!

ब्रँड जगभर पोचला. खरा रीबॉक मात्र दक्षिण आफ्रिका, लेसोथो आणि इस्वातिनी एवढ्याच प्रदेशात आढळतो, आणि तो संकटाच्या उंबरठ्यावरच्या प्रजातींच्या यादीत आहे.